वॉशेबल फिल्टर मस्त आहे, फक्त पावसाळ्यात धुवू नका

भांडुपला आमचा छोटा गाळा आहे, मॉड्युलर किचनचं काम, म्हणजे दिवसभर प्लाय नि एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेले बोर्ड) कापणं. ३० लिटरचा वेट-ड्राय व्हॅक्यूम (धूळ नि पाणी दोन्ही ओढणारा) वापरतो. त्याचा कागदी फिल्टर फाटला म्हणून मे महिन्यात नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन हा वॉशेबल कार्ट्रिज फिल्टर घेतला, ९०० रुपये. दुकानदार म्हणाला "साहेब, नळाखाली धरा, परत लावा, बघायलाच नको". कंपनीचं नाव देत नाही, खोक्यावर पण धड नव्हतं.

आधी चांगलं सांगतो. फिटिंग एकदम टाइट, रबरी कडा नीट बसते, बाजूने धूळ सुटत नाही. कापड पॉलिस्टरचं आहे, ब्रश मारला तरी कागदासारखं फाटत नाही. ९०० वसूल.

आता माझा शहाणपणा ऐका. जुलैत साइटवर पीओपीचं सीलिंग घासलं होतं, ती सगळी पांढरी पावडर ह्याच फिल्टरने ओढली, आणि मी सरळ नळाखाली धरला. अरे पीओपीची बारीक पावडर ओली झाली की गाळ होऊन घट्ट बसते हे आपल्याला रोजचं माहीत, तरी डोकं चाललं नाही! फिल्टरच्या कापडाच्या घड्यांच्या तळाशी अक्षरशः दगड झाला, जुन्या टूथब्रशने आणि बांबूच्या काडीने तासभर कोरत बसलो. मग पंख्याखाली दोन दिवस टांगला, बाहेरून कोरडा लागला म्हणून लावला, तर आत ओल होतीच, एमडीएफची पावडर त्यावर पिठासारखी थापली गेली नि अर्ध्या तासात सक्शन गायब. वर गाळ्यात कुबट वास.

तेव्हापासून पाणी बंद, निदान जून ते सप्टेंबर. फिल्टर गोणीच्या तोंडात धरून त्याची प्लास्टिकची कड हलकी आपटायची (घड्या आपटायच्या नाहीत, वाकतात), मग कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर, प्रेशर दोन बारच्या आसपास आणि नोझल हातभर लांब. बाहेरून मारली तर धूळ आणखी आत जाते, आमच्या पोऱ्याने तेच केलं होतं. हे सगळं गाळ्याबाहेर आणि मास्क लावूनच, लाकडाची धूळ डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने ग्रुप १ मध्ये टाकलीय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं. नंतर अंधारात फिल्टरच्या आत मोबाइलचा टॉर्च लावून बघा, कुठे टाचणीएवढा जरी उजेड थेट दिसला तरी भोक आहे, फेकून द्या.

अजून एक, मशीनचा आवाज बारीक नि चढा झाला की आमच्याकडे सगळे खूश व्हायचे, काय पॉवर आहे! तसं नसतं, फिल्टर चोक झाला की हवाच येत नाही म्हणून मोटर मोकळी जोरात फिरते. आवाज बदलला की मशीन बंद करून फिल्टर काढायचा.

तक्रार एकच. खोक्यावर "हेपा टाइप" लिहिलंय. खरा हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनची धूळ ९९.९७ टक्के अडवणारा, "टाइप" म्हणजे काहीच नाही. एमडीएफ सँडिंग केल्यावर मशीनच्या मागे काळ्या झाकणावर बोट फिरवलं की पावडर लागते. त्यामुळे आत कापडी पिशवी घालतोच, आणि आता पेंटच्या २० लिटरच्या बादलीवर सायक्लोनचं झाकण (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारं) बसवून पाइप नि मशीनच्या मध्ये जोडलंय, भुसा बहुतेक तिथेच पडतो. आधी रोज संध्याकाळी फिल्टर झाडायला लागायचा, आता पंधरा दिवसांनी. पाणी ओढायचं असेल तर हा काढा, फोमवाला घाला.

परवा नागदेवीला गेलो तर सेम अजून एक घेतला, दुकानदार म्हणे "बघा, बोललो होतो ना?" त्याला पीओपीचं सांगितलं नाही.