सावलीच्या जागेसाठी हायड्रेंजिया : विजापूर रस्त्यावरील रोपवाटिकेचा दोन वर्षांचा अनुभव

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या उत्तर बाजूला, भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये, चार फूट रुंदीचा एक पट्टा आहे. तिथे गुलाब लावला तर तो उंच वाढतो पण फुलत नाही, आणि जास्वंदीला पाने येतात, कळ्या मात्र येत नाहीत. या पट्ट्यासाठी हायड्रेंजिया घ्यावा असे माझ्या मनात बरीच वर्षे होते, कारण उटीला एका बंगल्याच्या आवारात त्याचे निळे गुच्छ पाहिल्यापासून ते डोळ्यांसमोरून हलले नव्हते. विजापूर रस्त्यावरील या रोपवाटिकेतून मी नोव्हेंबर २०२३ मध्ये ते रोप घेतले. आता दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे उलटल्यावर, रोपाबद्दल आणि रोपवाटिकेबद्दल, दोन्हींबद्दल काही खात्रीने सांगता येईल असे वाटते.

खरे तर हे माझे दुसरे रोप. पहिले मी त्याच वर्षी मार्चमध्ये, दुसऱ्या एका ठिकाणाहून, चार टपोरे गुलाबी गुच्छ असलेले पाहून घेतले होते. ते घेताना मला कोणी काही विचारले नाही आणि मीही काही विचारले नाही. तीन आठवड्यांत पाने कडेने करपली, गुच्छ कागदासारखे झाले आणि एप्रिलच्या मध्यावर कुंडी रिकामी झाली. त्यामुळे या रोपवाटिकेत गेले तेव्हा माझ्या मनात बराच संशय होता.

ही रोपवाटिका चालवणाऱ्या बाईंना सगळे गिऱ्हाईक अक्का म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणते. मी हायड्रेंजिया मागितल्यावर अक्कांनी रोप दाखवण्याआधी विचारले, "ताई, जागा कुठली ते आधी सांगा. भिंत कुठल्या दिशेला आहे?" उत्तरेची आहे म्हटल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न केला, "मे महिन्यात दुपारी तिथे उभ्या राहून पाहिलंत का?" मी पाहिले नव्हते. उत्तरेची बाजू म्हणजे बारमाही सावली, हे मी गृहीतच धरले होते.

त्यांनी जे समजावले ते मी नंतर स्वतः तपासून पाहिले आणि ते तंतोतंत खरे निघाले. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या १०-११ तारखेच्या सुमारास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो माथ्याच्या उत्तरेला राहतो. म्हणजे ज्या दिवसांत उन्हाची धग सर्वांत जास्त, नेमक्या त्याच दिवसांत उत्तरेच्या भिंतीचा पाया उघडा पडतो आणि दक्षिणेची भिंत सावलीत जाते. ऑक्टोबर ते मार्च या काळात मात्र उत्तरेच्या पट्ट्यात ऊन जवळजवळ येतच नाही. एप्रिलमध्ये आणि मेच्या सुरुवातीला सकाळचे आणि सूर्यास्तापूर्वीचे कोवळे ऊन तेवढे लागते, आणि ते या झाडाला मानवते. थंड देशांतील पुस्तकांत "सकाळचे ऊन, दुपारची सावली" असे जे सांगतात, त्याचा आपल्याकडचा अर्थ इतका हिशेबाने लावावा लागतो. म्हणून अक्कांचा सल्ला होता की रोप जमिनीत न लावता कुंडीतच ठेवावे आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात कुंडी उचलून दक्षिणेच्या व्हरांड्यात न्यावी, ती पाऊस स्थिरावेपर्यंत तिथेच असू द्यावी. दोन्ही वर्षे मी तसे केले आणि दोन्ही वर्षे पाने वाचली.

झाडाखालची सावली चालेल का, असेही मी विचारले होते, कारण कोपऱ्यात जुना कडुनिंब आहे. त्याला त्यांनी साफ नकार दिला. कडुनिंबाखाली सावली असते खरी, पण मुळ्या सगळा ओलावा ओढून घेतात आणि हायड्रेंजियाला सावलीइतकीच, किंबहुना अधिक, ओल लागते.

मातीचा विषय या शहरात सर्वांत अवघड आहे आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आपली जमीन काळी, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे. आमच्या बागेतील मातीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचे माप (सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क), तपासून घेतला तर तो ८.१ निघाला. हायड्रेंजियाच्या मोठ्या पानांच्या जातीत, म्हणजे जी मूळ जपानची आहे आणि बाजारात बहुतेक तीच मिळते, तिच्यात फुलांचा रंग मुळांना अॅल्युमिनियम किती मिळते यावर ठरतो. आम्लधर्मी मातीत, साधारण साडेपाचच्या खालच्या पीएचला, अॅल्युमिनियम विरघळते, झाड ते घेते आणि गुच्छ निळे होतात. साडेसहाच्या वर ते मातीतच अडकून राहते आणि गुच्छ गुलाबी येतात. डोंगराळ भागातील आम्लधर्मी मातीत ज्या झाडाला निळी फुले येतात, त्याच झाडाला सोलापुरात आणल्यावर काही काळाने गुलाबी फुले येणार, यात रोपवाटिकेची फसवणूक नसते. पांढऱ्या जातींचा रंग मात्र असा बदलत नाही. निळा हवाच असेल तर तुरटीचे पातळ पाणी देता येते, कारण तुरटीत अॅल्युमिनियम असते, असे अक्कांनी सांगितले, पण लगेच जोडले की आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यापुढे तिचा फारसा पाड लागत नाही आणि मात्रा वाढवली तर मुळे जळतात. मी गुलाबीवर समाधानी आहे, आणि ज्यांना उटीचा निळा रंग डोळ्यांसमोर ठेवूनच रोप घ्यायचे आहे त्यांनी तो हट्ट इथे धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगापेक्षा पानांचा पिवळेपणा ही खरी अडचण ठरली. फेब्रुवारी २०२४ पासून नवीन पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असे दिसू लागले. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. लोह मातीत असते, पण पीएच जास्त असल्याने ते झाडाला घेता येत नाही. फोटो घेऊन मी रोपवाटिकेत गेले, तेव्हा त्यांनी कोणतेही महागडे खत पुढे केले नाही. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, लहान पुडी दिली आणि बोअरचे पाणी बंद करायला सांगितले. तेव्हापासून मी पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी दोन पिंपांत साठवते. ते डिसेंबरपर्यंत पुरते, त्यानंतर नळाचे पाणी वापरते. एका महिन्यात नवी पाने हिरवी आली.

कुंडी भरण्याच्या बाबतीत मात्र रोपवाटिकेचा दोष सांगावा लागेल. त्यांनी भरून दिलेल्या बारा इंची कुंडीतील मिश्रणात काळी माती निम्म्याहून अधिक होती. हे रोप थंड भागातून हलक्या, भुसभुशीत मिश्रणात वाढून आलेले असते. त्याभोवती काळी माती घातली की पाणी दिल्यावर ती चिकट होते, वाळल्यावर भेगाळते आणि मधला मुळांचा गोळा कधी सडतो तर कधी कोरडाच राहतो. पंधरा दिवसांत मी ते सगळे काढून धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेला पालापाचोळा, शेणखत आणि थोडी वाळू असे मिश्रण भरले. वरून उसाच्या पाचटाचा दोन इंची थर दिला, जो आपल्या जिल्ह्यात मागाल तितका मिळतो आणि उन्हाळ्यात कुंडीचा ओलावा निश्चितपणे टिकवतो. हे काम रोपवाटिकेनेच करून द्यायला हवे होते. पुढच्या भेटीत मी तसे बोलले, अक्कांनी ऐकून घेतले, आणि या वर्षी तिथे हायड्रेंजियासाठी वेगळे मिश्रण भरताना मी पाहिले.

पाण्याबद्दल एक गोष्ट नवख्या माणसाला फसवते. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी या झाडाची मोठी पाने ओल्या कुंडीतही मान टाकतात, कारण मुळे जितके पाणी देतात त्यापेक्षा पानांतून जास्त उडून जाते. घाबरून लगेच पाणी ओतू नये. संध्याकाळी पाने आपोआप ताठ होतात. बोट मातीत खुपसून वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. हायड्रेंजिया या नावातला "पाणी" हा ग्रीक शब्द झाडाच्या तहानेमुळे आला असे अनेक जण सांगतात, पण तो त्याच्या बोंडाच्या घड्यासारख्या आकारामुळे आला आहे.

फुलांविषयी प्रामाणिकपणे लिहायचे तर अपेक्षा माफक ठेवावी. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत तीन भरदार गुच्छ आले, पण ते रोप ज्या थंड ठिकाणाहून आले होते तिथल्या थंडीची ती पुण्याई होती. या जातीत फुलांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांदीच्या टोकाला थंड रात्रींत तयार होतात आणि नीट उमलण्यासाठी त्यांना पुढे काही आठवडे कडक गारवा लागतो. सोलापूरच्या डिसेंबरात कळ्या धरण्याइतकी थंडी पडते, पण पुढचा गारवा पुरा पडत नाही. त्यात माझ्याकडून एक चूक घडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये माळ्याने गुलाबांची छाटणी केली, तेव्हा त्याने हायड्रेंजियाही गुलाबासारखा खाली कापायला घेतला आणि मी वेळेवर थांबवले नाही. दोन फांद्या वाचल्या, आणि २०२५ मध्ये त्या दोनांवरच, मुठीएवढे, दोन गुच्छ आले. छाटणी करायची तर फुले सुकल्यावर लगेच, सुकलेल्या गुच्छाच्या खालच्या पहिल्या चांगल्या डोळ्यांच्या (फांदीवरील कोंबांच्या) जोडीवर करावी. हे अक्कांनी पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिले होते. ती चिठ्ठी मी माळ्याला दाखवली नाही, एवढीच चूक.

रोपाला ४५० रुपये पडले, कुंडी वेगळी. दर रास्त आहे. रोपावर जातीचे नाव नव्हते, नुसते "हायड्रेंजिया, मिक्स" असे लिहिले होते, आणि ही मोठी उणीव आहे. काही जाती जुन्या फांदीवर फुलतात, काही नव्या फांदीवर आणि काही दोन्हींवर. आपल्याकडच्या हवेत दोन्हींवर फुलणारी जात मिळाली तर फुलांची शाश्वती कितीतरी वाढेल, पण नाव नसेल तर गिऱ्हाइकाने निवडायचे कसे? ज्यांच्या घरी लहान मुले किंवा पाळीव कुत्री आहेत त्यांना हे झाड पोटात गेल्यास विषारी असते हेही तिथे कोणी आपणहून सांगत नाही. विचारले तर सांगतात.

रविवारी सकाळी गर्दी असते आणि तेव्हा अक्कांशी सविस्तर बोलता येत नाही. मधल्या वारी, सकाळी दहाच्या आत जावे. मार्च ते जूनमध्ये जाऊन हायड्रेंजिया मागितलात तर त्या देणार नाहीत. माझ्यादेखत एका गृहस्थांना त्यांनी तसे सांगून पीस लिली आणि बेगोनिया दाखवले, आणि ते गृहस्थ थोडे नाराज होऊन का होईना, बेगोनियाची दोन रोपे घेऊन गेले. मी स्वतः मात्र या वेळी पांढऱ्या जातीचे एक रोप, जातीचे नाव लिहिलेलेच हवे असे बजावून, नोव्हेंबरसाठी सांगून ठेवले आहे.