मातीचा तीन मजली कंपोस्ट संच: बाल्कनीतील वापरानंतरचा अभिप्राय

ओल्या कचऱ्यासाठी बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची पिंपे आणि विजेवर चालणारी यंत्रे पाहून झाल्यावर आम्ही एकावर एक बसणाऱ्या तीन मातीच्या भांड्यांचा संच घेतला. पुण्यातील सदनिकेच्या बाल्कनीत त्याने उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहिले असून निवड योग्य ठरली, असे मी म्हणेन. मात्र विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबून तो घेऊ नये.

रचना साधी आहे. वरच्या दोन भांड्यांना तळाऐवजी सुंभाची जाळी असते. तिच्यावर वर्तमानपत्र अंथरून कचरा टाकायचा, वरचे भांडे भरले की मधल्याशी त्याची अदलाबदल करायची आणि दोन्ही भरल्यावर अर्धवट कुजलेला माल तळाच्या बंद भांड्यात मुरत ठेवायचा. भाजलेली माती सच्छिद्र असल्याने जादा ओल बाहेर पडते, हा प्लॅस्टिकच्या तुलनेत खरा फायदा आहे. बाहेरून क्षारांचे पांढरे डाग उमटतात, त्यांची काळजी करू नये.

खरी मेख कोरड्या मालात आहे. भाजीच्या देठांत व सालींत पाणी आणि नत्र भरपूर असते, तर दुर्गंधीविना कुजण्यासाठी कार्बन व नत्राचे प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असावे लागते. म्हणून ओल्या थरावर कार्बनयुक्त मालाचा कोरडा थर हवाच. संचाबरोबर त्यासाठी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, येते आणि ते संपले की पुन्हा विकत घ्यावे, अशी अपेक्षा असते. सोसायटीच्या आवारात पर्जन्यवृक्षाचा पाचोळा पोत्यांनी जमत असताना काथ्याचा भुसा प्लॅस्टिकच्या पिशवीतून दुरून मागवावा, हे पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या चालीने स्थानिक साधने वापरणाऱ्या शेतीपद्धतीच्या, मूळ विचाराशीच विसंगत आहे. शिवाय ही बारीक पाने लवकर कुजतात. आंब्या-फणसाची जाड पाने मात्र चुरून टाकावी लागतात. पानगळ फाल्गुन-चैत्रात होते आणि कोरड्या मालाची निकड आषाढ-श्रावणात भासते, त्यामुळे दोन-तीन पोती आधीच भरून कोरड्या जागी ठेवावीत. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

झाकण नीट बसत नाही, ही उघड त्रुटी आहे. त्या फटीतून येणाऱ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या जाड, करड्या अळ्या पाहून घरातील मंडळी दचकतात. पण त्या निरुपद्रवी असून कचरा झपाट्याने फस्त करतात. एवढ्या लहान भांड्यात उष्णता फारशी साठत नाही आणि टोमॅटो-भोपळ्याच्या बिया मरत नाहीत, त्यामुळे खत घातलेल्या कुंड्यांत त्यांची रोपे हमखास उगवतात. (आम्हाला ती उपटवत नाहीत.) तेलकट, खारट शिजलेले अन्न यात शक्यतो टाकू नये.

भरलेले भांडे उचलायला दोन माणसे लागतात. घरात एकटी वृद्ध व्यक्ती राहत असेल, तर याच बनावटीचा लहान आकार मागून घ्यावा किंवा तळाला कोरड्या मालाचा जाड थर देऊन दोन मोठ्या कुंड्या आलटून पालटून वापराव्यात. खत तेवढेच चांगले होते.