सोलापुरात घरावर ३ किलोवॅट सोलर: सबसिडी धरून आणि न धरता

पीएम सूर्यघर योजनेतून आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. काम आमच्याच भागातल्या नोंदणीकृत व्हेंडरने केलं. काम चांगलं आहे, पण आधी पैशाचं सांगते, कारण लोक तिथेच फसतात.

केंद्राची सबसिडी पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये आहे. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. त्यापुढे ५ बसवा की १०, आकडा तोच! व्हेंडरने सुरुवातीला ५ किलोवॅटचं कोटेशन दिलं, ३,२०,००० चं. ३ किलोवॅटचं २,१०,००० झालं. वरच्या २ किलोवॅटचे १,१०,००० पूर्ण आमच्या खिशातून जाणार होते. आमचा वापर महिन्याला तीनशे युनिटच्या आसपास, आणि १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, म्हणजे ३ किलोवॅटला महिन्याला ३६० च्या आसपास. जास्तीची वीज पुढच्या महिन्यांत वळती होते हे खरं, पण मार्चअखेर उरलेले युनिट महावितरण अगदी कमी दराने घेतं. मग ५ कशाला? ह्यांना मोठंच हवं होतं, मी मात्र ठाम राहिले.

आता महिन्याला सरासरी २,६०० रुपये वाचतात. सबसिडी वजा जाता १,३२,००० पडले, ते सव्वाचार वर्षांत वसूल होतील. सबसिडी नसती तर पावणेसात वर्षं लागली असती. बिल शून्य मात्र होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. आणि ज्यांचा वापर शंभर युनिटच्या आत आहे त्यांनी घाई करू नये. त्यांचे युनिट मुळात स्वस्त, त्यामुळे वसुली लांबते. सोलरचा खरा फायदा शंभराच्या वरचे महाग युनिट वाचण्यात आहे.

सबसिडी आधी कापून मिळत नाही. पूर्ण रक्कम द्यायची, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसून तपासणी झाली की ती आपल्या बँक खात्यात येते. आमचा मीटर रखडला होता, तेवढे दिवस पॅनल नुसतेच उन्हात होते. त्या काळात बिल जुन्यासारखंच आलं, याचा मला खरंच राग आला. हाताशी रक्कम नसेल तर सरकारी बँका या योजनेसाठी २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात, त्याची चौकशी आधी करा.

पॅनल डीसीआरच घ्या, म्हणजे सेलसकट भारतात बनलेले. ते महाग पडतात, पण त्याशिवाय सबसिडी नाही. पॅनल गच्चीवर चढवण्याआधी मी मागच्या स्टिकरवरचे सिरीयल नंबर कागदांशी एकेक ताडून घेतले. व्हेंडरच्या पोरांनी न कंटाळता प्रत्येक पॅनल उलटा धरून दाखवला.

स्ट्रक्चर उंच करून घेतलं. त्याचे १५,००० वरच्या २,१०,००० मध्येच आले. कमी उंचीचं स्वस्त पडतं, पण मग गच्ची गेली म्हणून समजा. आता खाली सरळ उभं राहून वावरता येतं आणि पॅनल पुसायला हात पोचतो. इथली धूळ बघता पुसणं टाळता येत नाही. अर्थिंगचे खड्डे, वीजरोधक, केबलला पाइप, सगळं नीट केलंय. फक्त इन्व्हर्टरच्या वायफायसाठी दोनदा फोन करावा लागला.

कामाला पाचपैकी चार. कोटेशन घेताना ३ किलोवॅटचं आणि त्याहून मोठं, दोन्ही लेखी मागा, आणि सबसिडीची ओळ स्वतः वजा करून बघा.