पेनरिथ पँथर्सच्या खेळाडूंची प्रोफाइलं: एक अख्खा हंगाम वापरल्यावर

मार्चमध्ये सिडनीतल्या परामॅटाच्या स्टेडियमवर पेनरिथ पँथर्स या रग्बी लीग क्लबच्या मॅचला पोराने विचारलं, "बाबा, हा मागच्या मॅचला चौदा नंबर घालून आला होता ना? आज नऊ कसा?" मी फोन काढून ॲपमध्ये त्या खेळाडूचं प्रोफाइल उघडलं. तिथे ठसठशीत चौदा, आणि समोर माणूस नऊ घालून वॉर्मअप करतोय. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून न विचारताच सांगितलं, अरे, नंबर जागेचा असतो.

सचिनचा दहा आणि धोनीचा सात डोक्यात घट्ट बसलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या रग्बी लीग स्पर्धेत नंबर मैदानावरच्या जागेला चिकटलेला: 1 म्हणजे फुलबॅक, 2 आणि 5 विंगर, 7 हाफबॅक, 8 आणि 10 प्रॉप, 9 हूकर, 13 लॉक. 14 पासून पुढचे बाकावर. या आठवड्यात तुम्हाला जी जागा मिळाली तो तुमचा नंबर. इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये मात्र खेळाडूला हंगामभरासाठी एकच नंबर मिळतो. या ॲपचा साचा तिकडून उचललेला असावा असा माझा दाट संशय आहे.

ॲपचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि बनवणारी चार पोरं असतील बिचारी. क्लबच्या प्रत्येक खेळाडूचं एक पान, त्यात फोटो, उंची-वजन, कारकीर्द आणि मॅचगणिक आकडे, असा मामला आहे. फेब्रुवारीत वर्षाची वर्गणी भरली आणि सप्टेंबरच्या शेवटापर्यंत जवळजवळ रोज उघडलं.

आम्ही वेस्टमीडला राहतो. पेनरिथचं मैदान नव्याने बांधायला घेतल्यामुळे 2025 चे त्यांचे घरचे सामने परामॅटात आले, म्हणजे आमच्यापासून पायी अर्धा तास. परामॅटा हे खरं तर ईल्स या दुसऱ्या क्लबचं घर. ऑफिसातले ईल्सवाले म्हणतात, भाडेकरूंच्या नादी कशाला लागलास? त्यांना 1986 नंतर विजेतेपद मिळालेलं नाही आणि भाडेकरूंनी 2021 ते 2024 सलग चार नेली, म्हणून मी फार ताणत नाही.

पहिला महिनाभर मी ही पानं क्रिकेटच्या चष्म्यातूनच वाचली. ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे जमिनीला टेकवणं) म्हणजे शतक, पॉइंट म्हणजे धावा. ॲपही त्याच चालीचं आहे: वर मोठ्या अक्षरांत ट्राय आणि पॉइंट, बाकी सगळं "आणखी" या बटणाच्या पोटात. त्यामुळे किक मारून गोल करणारा नेथन क्लिअरी कायम आकाशाला भिडलेला आणि मधोमध अंगाने भिडणारी प्रॉप मंडळी शून्यावर बाद झाल्यासारखी.

डोळे उघडले ते ब्रायन तोओमुळे. विंगर म्हणजे कडेने सुसाट पळून ट्राय टाकणारा, अशी माझी समजूत. एका सामन्यानंतर त्याच्या पानावर ट्राय शून्य, आणि आजूबाजूचे लोक तर त्याच्यावर फिदा. मग पुढच्या मॅचला फक्त त्याच्याकडेच बघत बसलो. समोरच्यांनी लांब किक मारली की पेनरिथ आपल्याच गोललाइनजवळ अडकतं आणि सहा टॅकलच्या (सहा वेळा पकडलं जाण्याच्या) आत चेंडू तिथून बाहेर काढावा लागतो. त्यातली पहिली-दुसरी धाव तोओ घेतो. तीन दांडगे रांगेत वाट बघत उभे असतात आणि हा पठ्ठ्या सरळ त्यांच्या अंगावर जातो. आदळतो, तरी पाय थांबत नाहीत. त्याची दखल घेणारा आकडा आहे "पोस्ट-कॉन्टॅक्ट मीटर": अंगाला अंग भिडल्यानंतरही माणसाने किती अंतर रेटून नेलं. कबड्डीत पकड बसल्यावर चढाई करणारा मध्यरेषेला बोट लावायला जी धडपड करतो, तिला फूटपट्टी लावल्यासारखं समजा. आणि ही ओळ ॲपमध्ये चार टिचक्यांनंतर, सगळ्यात तळाशी!

फुलबॅक डिलन एडवर्ड्सचं पानही असंच उलटीकडून वाचावं लागतं. धावलेले मीटर 200 च्या पुढे जाणं त्याच्यासाठी नेहमीचं. 2022 च्या फायनलमध्ये सर्वोत्तम खेळाडूचं पदक त्यालाच मिळालं. प्रॉपची गंमत वेगळी. मोझेस लेओटासारखा माणूस सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं जीव काढून खेळतो, बाकावर जातो आणि नंतर परत येतो. त्याचे मीटर पूर्ण 80 मिनिटं खेळणाऱ्याशेजारी ठेवले तर तो फिका दिसणारच. मी आता आधी मिनिटं बघतो, मग मनातल्या मनात भागाकार करतो. ॲपने तो करून द्यायला हवा होता, पैसे घेतात ना. लॉकला खेळणारा आयझाया यो मधोमध उभा राहून डावी-उजवीकडे चेंडू वाटत असतो. पासांची नोंदच नसल्यामुळे त्याचं अर्धं काम पानावर उमटतच नाही.

जुने सामनेही उघडता येतात. 2023 ची फायनल उघडली. ब्रिस्बेन ब्रॉन्कोजनी 24-8 अशी आघाडी घेतली होती आणि शेवटच्या वीसेक मिनिटांत पेनरिथने 26-24 जिंकली. क्लिअरीच्या पानावर त्या रात्रीची ओळ आहे: ट्राय एक, मग गोल, मग किकचे मीटर. पण ट्राय विसाव्या मिनिटाला झाला की सामना हातातून गेल्यावर, ते कुठेच नाही. तेवढ्यासाठी मला हायलाइट्स शोधाव्या लागल्या.

सगळ्यात जास्त वैताग मे ते जुलै. तेव्हा न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांत स्टेट ऑफ ओरिजिनचे तीन सामने असतात आणि पेनरिथचे मुख्य खेळाडू न्यू साउथ वेल्सची निळी जर्सी घालायला जातात. ॲपमध्ये त्या आठवड्यात नुसती आडवी रेघ. दुखापत? वगळला? बायको म्हणाली, एवढा जीव टांगणीला लागतोय तर बातम्या वाच की. बरोबरच आहे, पण मग वर्गणी कशाची भरली? त्यात मे महिन्यात संघ गुणतक्त्याच्या तळाशी. नंतर सलग नऊ जिंकून सातव्या जागेवर आले आणि प्राथमिक फायनलमध्ये, म्हणजे उपांत्य फेरीत, ब्रिस्बेनकडून 16-14 हरले.

दुसरा राग: सोडून गेलेला माणूस पुसलाच जातो. जेरोम लुआई 2025 ला वेस्ट्स टायगर्सकडे गेला, जेम्स फिशर-हॅरिस न्यूझीलंड वॉरियर्सकडे. दोघेही चारही विजेतेपदांत होते. इथे पेनरिथच्या यादीत त्यांचा मागमूस नाही. सासरी गेलेल्या मुलीचं नाव रेशनकार्डावरून काढावं तसं.

उच्चाराचं मात्र मनाला लागलं. माझ्या नावाचे इथे रोज बारा वाजतात, म्हणून दुसऱ्याचं नाव नीट घ्यावं असं वाटतं. सामोअन भाषेत रोमन जी हे अक्षर "ङ" असं वाचतात. म्हणजे सेंटरला खेळणारा आयझॅक टागो नाही, ताङो. ईल्सकडून आलेला ब्लेझ टलागी नाही, तालाङी. ॲपमध्ये उच्चार ऐकवणारं बटण नाही. पोराला शिकवताना अंकलिपीतला तो बिनकामाचा ङ आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडला. तोओच्या नावात दोन ओंच्या मध्ये श्वास तुटतो, तेवढं सांगितलं की झालं.

आता जे आवडलं ते. प्रत्येक पानावर एक बारीक ओळ आहे, "ज्युनिअर क्लब". यो डबोचा, लियम मार्टिन टेमोराचा, तोओ सेंट मेरीजचा. डबो आणि टेमोरा ही आतल्या भागातली शेतीवाडीची गावं, सेंट मेरीज पेनरिथच्या अलीकडचं ट्रेनचं स्टेशन. आपल्याकडे माणूस भेटला की दुसरा प्रश्न "गाव कुठलं?" हाच असतो, ही ओळ त्याचं उत्तर देते. "देश" हा रकाना मात्र हुकलाय, कारण तिथे एकच नाव बसतं. 2022 च्या विश्वचषक फायनलमध्ये क्लिअरी आणि यो ऑस्ट्रेलियाकडून खेळले, लुआई, तोओ आणि स्टीफन क्रायटन सामोआकडून. सगळे पेनरिथचेच, महिन्या-दीड महिन्यापूर्वी एकत्र फायनल जिंकलेले. आणि तोओ तर न्यू साउथ वेल्सकडूनही खेळतो. एका रकान्यात हे कसं मावणार?

नव्याने फुटी (रग्बी लीगला इथे असंच म्हणतात) बघायला लागलेल्यांनी फुकटातली पानं जरूर वापरावीत. "आणखी" दाबायची सवय लावा, उंची-वजनाकडे बघू नका आणि नंबर सामन्याच्या तासभर आधी जाहीर होणाऱ्या यादीतूनच घ्या. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक ज्युनिअर क्लबच्या ओळीसाठी. वर्गणी फेब्रुवारीत संपते. त्या चौदा नंबरबद्दल मी मार्चमध्येच लिहून कळवलं होतं, "नोंद घेतली आहे" असं उत्तरही आलं. काल उघडून पाहिलं, अजून चौदाच आहे.