दोन प्रमाणपत्रं, एक खोका आणि माझे ३,०६५ फ्रँक

घड्याळ घेताना मी फसलो. आधी आकडा सांगून टाकतो, कारण तो लपवण्यातच माझे दोन महिने गेले. ३,०६५ स्विस फ्रँक. घड्याळाचे २,३४०, प्रमाणपत्र 'माझ्या नावावर करण्याचे' १८०, उष्णतारोधक खोक्याचे १४५, आणि विम्याची अनामत ४००, जी घड्याळ हातात पडलं की परत मिळणार होती. घरी अजून फक्त घड्याळाचा आकडा माहीत आहे.

मी नवखा नाही. अकरा वर्षं जुनी यांत्रिक घड्याळं घेतोय. पुन्हा रंगवलेली तबकडी, बदललेले काटे, घासून गुळगुळीत केलेली केस (बाहेरचं कवच), हे मला फोटोतसुद्धा कळतं. या घड्याळात तसं काही खटकलं नाही आणि वर सीओएससीचं क्रोनोमीटर, म्हणजे अचूक चालीचं, प्रमाणपत्र दिसलं. तिथं अक्कल गहाण पडली.

सीओएससी ही घड्याळांची अचूकता तपासणारी स्विस संस्था, १९७३ सालची. यंत्र, म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा, पंधरा दिवस, पाच स्थितींत, ८, २३ आणि ३८ अंशांत चालवून बघतात. मोठ्या यंत्राचा सरासरी दैनिक फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसावा लागतो. माझ्या कागदावर हे सगळं बिनचूक होतं, सरासरी अधिक १.२. कुठल्या तरी खऱ्या प्रमाणपत्रावरून उतरवलेलं असणार. फक्त नंबर चुकीचा. तिथं तपासतात ते सुटं यंत्र, केसमध्ये बसवण्याआधी. (पूर्ण घड्याळ तपासणाऱ्या जागाही आहेत, जर्मनीत ग्लासहुटेला तसं करतात, पण कागद त्यांचा नव्हता.) म्हणजे नंबर यंत्राचा हवा. माझ्या कागदावर होता केसच्या पाठीवरचा, आणि फोटोत तोच दिसत होता म्हणून मी खूश, की बघा, जुळतोय! नावावर करण्याचे १८० तर निव्वळ मूर्खपणाचे. प्रमाणपत्र यंत्राचं असतं, मालकाचं नाव त्यावर येतच नाही.

पण हे सगळं एकवेळ सोडून देईन. झोप उडते ती खोक्यामुळे.

पैसे भरायच्या रात्री विक्रेत्याचा निरोप आला: प्रवासात तापमान बदललं तर प्रमाणित अचूकता जाते, म्हणून इन्शुलेटेड खोक्यातूनच पाठवावं लागेल. सोबत त्या खोक्याचंही प्रमाणपत्र. आयएसटीए ७ई (पार्सलच्या पॅकिंगची तापमान-चाचणी), ७२ तास, आत २ ते ८ अंश. दोन्ही पीडीएफ माझ्यासमोर उघडे होते. एक सांगत होता की हे यंत्र ३८ अंशांत चालवून पास केलंय, दुसरा सांगत होता की त्याला औषधासारखं गार ठेवून आणतोय. ज्याची परीक्षाच थंडी-उष्म्यात झाली त्याला गारवा कशाला? हे कळायला घड्याळांतला जाणकारही असावं लागत नाही. आणि मी काय उत्तर पाठवलं? 'एवढी काळजी घेताय, बरं वाटलं.' ते वाक्य अजून फोनमध्ये आहे. पुरावा आहे म्हणून खोडताही येत नाही.

७ईबद्दल नंतर वाचलं. उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या तापमानाच्या चढउतारांत पार्सल कसं टिकतं, हे बघायची ती पद्धत. निकाल ठरावीक मांडणीचा असतो: हा खोका, गारवा धरणारे एवढे जेल पॅक, असा माल. नुसत्या खोक्याला '७२ तास' चिकटवता येत नाहीत. माझ्या खोक्यात जेल पॅक एकही नव्हता. कोणी असा कागद दाखवला तर मांडणीचा तपशील आणि तापमानाचा आलेख मागा.

पैसे ज्यात भरायचे ते खातं स्वित्झर्लंडचं नव्हतं, हेही तेव्हा दिसत होतं. स्विस आयबॅन (आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक) 'सीएच'नं सुरू होतो, हा होत नव्हता. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणत होता, रात्रीचे साडेअकरा झाले होते, आणि खरं सांगायचं तर मला ते घड्याळ हवं होतं.

घड्याळ आल्यावर घड्याळजींनी त्याची पाठ उघडली आणि काही बोललेच नाहीत. आत साधं स्वस्त यंत्र, त्यावर नंबरच नाही. टाइमग्राफरवर (चाल मोजायच्या यंत्रावर) तबकडी वर ठेवून दिवसाला अधिक ३८ सेकंद, चावी खाली केल्यावर उणे ११. घेण्याआधी पाठ उघडून, यंत्राच्या नंबराशेजारी त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागा. वेगवेगळ्या स्थितींतला टाइमग्राफरचा व्हिडिओही मागा. कागद खरा असला तरी तो सांगतो तेव्हाची चाल, आजची नाही.

मग सुरू झाली वारी. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकला. विक्रीचं संकेतस्थळ म्हणालं, पैसे आमच्यामार्फत दिले असते तर बघितलं असतं. (तेवढं मात्र बरोबर आहे, बाहेर पैसे देऊ नका.) पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: 'घड्याळ मिळालं ना? चालतं ना? मग फसवणूक कसली?' तक्रारीत क्रोनोमीटरच्या जागी क्रोनोग्राफ लिहिलं. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉचवालं घड्याळ, माझा मुद्दा अचूकतेचा, असं समजावून तो एक शब्द दुरुस्त करून घ्यायला तीन खेपा. तिसऱ्या खेपेला साहेब बदलले होते. नवे साहेब म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. दिवाणीसाठी विक्रेत्याचा पत्ता लागतो. पत्ता कोण शोधणार? पोलीस. पोलीस का शोधत नाहीत? कारण वाद दिवाणी आहे! खातं परदेशातलं म्हणून बँकेनं पोलिसांचं पत्र मागितलं, पोलिसांनी बँकेचं मागितलं. पाच आठवडे मी या दोघांमध्ये टपाल वाहत होतो. एका कर्मचाऱ्यानं तर तोंडावर विचारलं, वेळ बघायला फोन नाही का तुमच्याकडे?

गेल्या आठवड्यात तेच प्रमाणपत्र पुन्हा दिसलं. घड्याळ वेगळं, भाव २,१९० फ्रँक, चाल तीच अधिक १.२. नंबरावर या वेळी बोट ठेवून फोटो काढलाय. लगेच दुवा ठाण्यात पाठवला. उत्तर आलं: संबंधित खरेदीदाराने स्वतः तक्रार द्यावी.