गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर : अकरा महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आम्ही गच्चीवर सोलर बसवला. २०० लिटरची टाकी, २० काचेच्या नळ्या. सांगलीत विश्रामबागेत आमचं एक मजल्याचं घर आहे. खाली सासूबाई, वर आम्ही दोघं आणि मुलगी. सोलर घेतला तो मुख्यतः सासूबाईंसाठी. त्यांचं वय ८२, गुडघ्यांचा संधिवात जुना. सकाळी सहाला ऊन पाणी गुडघ्यांवर पडलं की त्यांचा दिवस बरा जातो. जन्मभर तांब्याच्या बंबावर पाणी तापवलेल्या त्या, त्यामुळे ‘पाणी कढतच पाहिजे, विसण मी घालून घेईन’ हे ठरलेलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अकरा महिन्यांत जो त्रास झाला तो बहुतेक सगळा पाइपांच्या जोडणीचा होता. तो कुठल्याही कंपनीच्या सोलरला होऊ शकतो.

पहिले दोन महिने छान गेले. जानेवारीत एके दिवशी पहाटे खालच्या न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडला, तर फस्स करून हवा आली, दोन गुळण्या पाणी पडलं आणि मग नुसते थेंब. वर जाऊन पाहिलं तर सोलरची आणि तिला पाणी पुरवणारी गार पाण्याची, दोन्ही टाक्या भरलेल्या. सासूबाई शाल गुंडाळून स्टुलावर बसून होत्या. पंधरा-वीस मिनिटांनी म्हणाल्या, “राहू दे गं, आज हातपाय धुते.” ते शब्द मला फार लागले.

ज्यांनी सोलर बसवला त्यांचा माणूस तीन दिवसांनी आला. नळ्यांवरून हात फिरवला, म्हणाला प्रेशर कमी आहे, पंप बसवा. तोवर नळ आपोआप सुरू झाला होता, त्यामुळे विषय तिथंच थांबला. पण आठवडाभरानं पुन्हा तेच. मग लक्षात आलं की वरची गार पाण्याची टाकी कधी रिकामी झाली आणि पुन्हा भरली, की दुसऱ्या दिवशी हटकून गरम पाणी बंद पडतं.

शेवटी मिरजेहून एक वयस्कर प्लंबर आले. गच्चीवर पाच मिनिटं नुसते पाइप बघत उभे राहिले आणि म्हणाले, “वहिनी, सोलर चांगलाय. पाइपाला उंटाची पाठ केलीय.” खरंच तसं होतं. सोलरच्या टाकीतून निघालेला पाइप कठड्यावरून जाण्यासाठी दीड-दोन फूट वर चढवला होता आणि मग भिंतीवरून खाली सोडला होता. गार पाण्याची टाकी रिकामी झाली की त्या उंच जागी हवा शिरते. शिवाय पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते, तीही वर चढून तिथंच साठते. आमची गार पाण्याची टाकी सोलरपेक्षा जेमतेम दोन फूट उंच, त्यामुळे मागून येणाऱ्या पाण्याला तेवढा जोरच नाही, की हवेचा तो फुगा पुढं ढकलावा. यालाच प्लंबर लोक ‘हवा धरली’ म्हणतात.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, मावशी, आमच्याकडे थंडीत हेच करतो. त्यांच्या खोल्या गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये हवा साठली की वरचा भाग गार राहतो. मग बारीक चावीनं कोपऱ्यातला स्क्रू सैल करायचा, सूं करून हवा जाते, पाणी डोकावलं की बंद. हवा गेली की दाब उतरतो, म्हणून बॉयलरमध्ये पाणी भरून तो पुन्हा एक ते दीड बारवर आणायचा. आपल्याकडे दाब येतो तो फक्त उंचीचा. १० मीटर उंच पाण्याचा दाब साधारण १ बार. आमच्या वरच्या न्हाणीघरातल्या शॉवरपासून टाकी दोन मीटरही वर नाही, म्हणजे ०.२ बारच्या आतच. एवढ्याशा दाबात हवेचा एक फुगासुद्धा भारी पडतो.

त्या दिवशी प्लंबरनी हवा काढली ती पद्धत मी शिकून घेतली. बोअरची मोटर चालू केली, अंगणातल्या नळाला रबरी पाइप लावला आणि त्याचं दुसरं टोक खालच्या गरम पाण्याच्या नळाला घट्ट क्लिप मारून जोडलं. दोन्ही नळ सोडले. पाणी उलटं वर चढायला लागलं, पाइपात गुडगुड आवाज झाला आणि सोलरच्या टाकीवर आधीपासून असलेल्या हवेच्या नळीतून फुस्स करत हवा, मग पाणी. मिनिटभरात काम झालं. एक सावधगिरी मात्र हवी. वरच्या नळीतून कढत पाणी उडतं, तेव्हा तिच्याजवळ कुणी उभं राहायचं नाही. आणि दुपारी उन्हात हा उद्योग करायचा नाही. नळ्या कोरड्या पडलेल्या असतील आणि तापलेल्या काचेत एकदम गार पाणी शिरलं, तर काच तडकते. एकतर उजाडायच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावर.

पण हा तात्पुरता उपाय. कायमचा म्हणजे त्या उंच जागी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एक उभी नळी वर नेली, गार पाण्याच्या टाकीच्या काठापेक्षा फूटभर उंच, आणि तिचं तोंड काठीच्या मुठीसारखं खाली वळवलं. उंची कमी ठेवली असती तर तिच्यातून पाणी वाहत राहिलं असतं. सामान गणपती पेठेतून आणलं, काम अर्ध्या दिवसाचं. फेब्रुवारीपासून आजवर एकदाही हवा धरलेली नाही. हे काम बसवतानाच करून घ्या, असं मी ज्याला त्याला सांगते.

एवढं होऊनही मार्चमध्ये आम्ही वरच्या शॉवरसाठी प्रेशर पंप बसवलाच, आणि तोही फक्त गार पाण्याच्या लाइनवर. चार दिवसांत सोलरचं पाणी कोमट यायला लागलं आणि रात्री गच्चीवर पाणी वाहिल्याचे ओघळ दिसू लागले. मिक्सरचा, म्हणजे गार-गरम पाणी एकत्र सोडणाऱ्या नळाचा, दांडा मध्यावर ठेवून मुलगी हँडशॉवर हातातल्या बटणानं बंद करत होती. तेवढ्यात पंपाच्या जोरावर गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत घुसून थेट सोलरच्या टाकीत चढत होतं. त्याच प्लंबरनी गरम लाइनीवर पाणी उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह टाकला, झडपेचा. स्प्रिंगचा टाकला तर आमच्या कमी दाबाच्या पाण्याला ती स्प्रिंग उघडवणार नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. मिक्सर असणाऱ्यांनी पंप घेण्याआधी हे विचारून घ्यावं.

पाण्याचं बोलायलाच हवं. पालिकेचं पाणी कमी आलं की आम्ही टाकीत बोअरचं सोडतो, आणि ते जड आहे. पाणी तापलं की त्यातला क्षार खाली बसतो. एप्रिलमध्ये सोलरच्या टाकीचा खालचा कॉक सोडला तेव्हा बादलीत तळाला पांढरी कणी जमली. बोटांत चोळून पाहिली तर रांगोळीसारखी खरखरीत. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तो कॉक सोडते आणि शक्यतो पालिकेचंच पाणी सोलरकडे जाईल असं बघते.

जूनमध्ये एका नळीच्या खालच्या टोकाचा चंदेरी, आरशासारखा डाग पांढरा पडलेला दिसला. नळीच्या दोन काचांमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरली की असं होतं. मग ती नळी उष्णता धरत नाही. ती बदलून घेतली. पुसायला गेलात की सगळ्या टोकांवर एकदा नजर टाकायची, दोन मिनिटांचं काम.

पावसाळ्यात काय, हे सगळे विचारतात. जुलैत सलग ढगाळ दिवस होते तेव्हा टाकीतली २ किलोवॅटची विजेची कॉइल लावावी लागली. २०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर चार तास आणि ८ युनिट लागतात. म्हणून आम्ही पहाटे तासभरच लावायचो, सासूबाईंपुरतं तेवढं पुरायचं. मे महिन्यात उलट, पाणी इतकं कढत की लहान मूल घरात असेल तर नळाजवळ एकटं सोडू नये.

एक गैरसोय राहिलीच आहे. गच्चीवरून खालच्या न्हाणीघरापर्यंतचा पाइप लांब, त्यामुळे सकाळी पाच-सहा लिटर गार पाणी आधी सोडावं लागतं. ते मी बादलीत धरते. सासूबाईंना विसण म्हणून तेच कामाला येतं, उरलेलं तुळशीला.