चलानाची फाइल उघडली आणि 59,498 रुपये गेले

मी अडाणी नाही. ओटीपी कुणाला देत नाही, अनोळखी फोन आला की कापतो. तरी गेले.

मंगळवारी रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला: ई-चलान थकलंय, पावती सोबत. खाली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. नंबर आमच्याच सोसायटीतल्या काकांचा, मग संशय कशाला घेईन? त्यात दिवसभर कर्ज घ्या, प्लॉट घ्या, केवायसी करा असे वीस मेसेज येतात. नीट वाचायची सवयच मोडलीय.

फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप घ्यायचं का? हो. या ॲपला तुमचे एसएमएस वाचू द्यायचे का? हो! पावती बघायला माझे एसएमएस कशाला लागतात, एवढं डोक्यात येऊ नये? मेसेजमध्ये चलान क्रमांक होता, गाडीचा नंबर नव्हता, तेही दिसलं नाही. खरं चलान एपीकेमध्ये कधीच येत नाही. पुढे 'पडताळणीसाठी 1 रुपया' म्हणून कार्डाचा नंबर मागितला. दिला.

11.42 ला 24,999. 11.44 ला परत 24,999. ओटीपी त्यांनी माझ्याच फोनमधून वाचले. असं झालं तर आधी फोनचं नेट बंद करा आणि लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मी सकाळी लावला, तोवर पैसे पुढे सरकले होते. आणि तोच मेसेज माझ्या नंबरवरून बहिणीच्या सासऱ्यांनाही गेला. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

त्या रात्रीच बायकोच्या फोनवरून बँकेला मेल केला होता. 11.51 ला उत्तर: 'आपली तक्रार मिळाली. कृपया या मेलला उत्तर देऊ नये.' नऊ दिवसांत अकरा मेल केले, अकराही वेळा तेच छापील उत्तर. माणूस म्हणून कुणी बोलतच नाही. शाखेत गेलो तर म्हणे मेल करा. पोलीस ठाण्यात म्हणाले ऑनलाइन टाका, आणि वर, 'फाइल उघडलीत कशाला?' ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच हे विचारायचं?

पण ती छापील उत्तरं पुसू नका. तक्रार क्रमांक आणि वेळ त्यातच असते. बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते नुकसान बँकेचं, असं रिझर्व्ह बँकेने 2017 च्या परिपत्रकात सांगितलं. माझे शेवटचे 9,500 गेले 12.20 ला. म्हणजे बँकेचा मेल आल्यावर 29 मिनिटांनी! तोवर कार्ड बंद का केलं नाही?

तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. एकवीस दिवस उरलेत. 11.51 चा मेल छापून फाइलला लावून ठेवलाय.